आधी भीती, मग बातमी

२१ मार्च २०२४ चा गुरुवार उजाडत होता. सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात जमीन हलली. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने तीव्रता ४.५ नोंदवली. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला, तो ३.६ चा. केंद्रबिंदू आखाडा बाळापूर परिसरातल्या जांब गावाजवळचा. हिंगोली, नांदेड, परभणी अशा तिन्ही जिल्ह्यांत लोक अंथरुणातून उठून थेट रस्त्यावर आले. कोणी दगावले नाही. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून छपरावर ठेवलेले दगड खाली उतरवून घ्या, असे प्रशासनाने सांगितले, आणि त्याला जोडून 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे ठरलेले वाक्यही आलेच.

साडेतीन महिन्यांनी, १० जुलैला, पुन्हा ४.५. या वेळी घड्याळात सात वाजून चौदा मिनिटे झाली होती आणि केंद्रबिंदू होता याच तालुक्यातला रामेश्वर तांडा. शाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले, पोरांचे डबे भरायची वेळ. किल्लारीचा १९९३ चा भूकंप मराठवाड्यात अजून कोणी विसरलेले नाही. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा मुलखात दुसऱ्यांदा जमीन हलल्यावर आईबापांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पोराला आज शाळेत धाडायचे की नाही, हा. शाळेची भिंत धड आहे का, हे विचारायचे कोणाला? मुख्याध्यापकाला खात्रीने सांगता येत नाही, तलाठ्याला येत नाही. मोबाइलला मात्र सगळे ठाऊक असते.

जगात कोणत्याही शास्त्रज्ञाला भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगता येत नाही. तेव्हा 'आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार' असा कोणताही निरोप जन्मतःच खोटा असतो. हे पुष्कळांना माहीत असते, तरी तो निरोप पुढे जातो. का जातो, याचे सर्वांत चांगले उत्तर आपल्याच देशातल्या एका भूकंपातून मिळाले आहे आणि शाळेच्या फाटकाशी जमणाऱ्या घाबऱ्या गर्दीलाही ते तंतोतंत लागू पडते.

१५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळ हादरले. पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या दिवसांत एक वेगळेच काम केले. लोक काय काय बोलतात ते त्यांनी टिपून ठेवले. भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नानाला उतरलेले लोक वाळूत रुतले. चंद्रग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा भूकंप होणार. अमुक तारखेला प्रलय. ही बोलणी ज्या भागात चालली होती तिथे धक्का जोरात जाणवला होता, पण पडझड फारशी नव्हती. पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगकडे दरडी कोसळून खरोखर हाहाकार झाला, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या वदंता तपासल्या. तिथे असली भाकिते जवळजवळ नव्हतीच. ज्यांचे घर गेले होते त्यांना घाबरायला घर गेल्याचे कारण पुरेसे होते.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एक उलटा विचार मांडला. आपण समजतो की अफवेने माणूस घाबरतो. इथे माणूस आधीच घाबरलेला होता. छाती धडधडते आहे, पण डोळ्यांपुढे तेवढे मोठे काही घडलेले नाही. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही आणि तो बसेपर्यंत माणसाला चैन पडत नाही. मग मेळ बसवणारी बातमी सापडली की तो ती घट्ट धरतो. भीतीला साजेसे संकट शोधले जाते.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत मुलांच्या आणि शाळांच्या सुरक्षेवरून जे प्रसंग उद्भवले, ते याच क्रमाने वाचले की त्यांतली गुंतागुंत बरीच सुटते.

साधा प्रसंग आधी. ४ एप्रिल २०२२. करोनानंतर शाळा नियमित भरू लागल्या होत्या. मुंबईत सांताक्रूझच्या एका नामांकित शाळेची बस दुपारी मुलांना घेऊन निघाली आणि ठरलेल्या थांब्यांवर पोहोचेना. चालकाचा फोन लागेना. तास गेला, दोन तास गेले. पालक शाळेत धावले, पोलीस ठाण्यात गेले, आणि वाहिन्यांवर 'स्कूल बस बेपत्ता' अशी पट्टी फिरू लागली. संध्याकाळ व्हायच्या आत सगळी मुले सुखरूप सापडली. चालक नवा होता, रस्ते त्याला माहीत नव्हते, एवढेच.

इथे बातमी खोटी होती असे म्हणता येत नाही. बस त्या क्षणी खरोखर कोणाला सापडत नव्हती. 'बेपत्ता' हा शब्द पडद्यावर आला की मात्र त्याच्या मागे अपहरण आपोआप येऊन उभे राहते. निवेदकाला ते उच्चारावेही लागत नाही. शाळेच्या बाजूने त्या तीन-चार तासांत पालकांच्या हाती ठाम असे काही पडले असते, 'बसशी संपर्क नाही, शोधायला दोन माणसे निघाली आहेत, पोलिसांना कळवले आहे' एवढे तरी, तर भीती गेली नसती, पण तिला धरायला काहीतरी मिळाले असते.

आता धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षुकीसाठी फिरत तिथे आले होते. बाजारात त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला. एवढ्यावरून 'पोरे पळवणारे' असा ओरडा झाला. गर्दीने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही जण गेले. लोक मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होते, म्हणून ती दृश्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरले. तिथे पोलीस वेळेवर पोहोचले, म्हणून जीव वाचले.

त्या दिवसांत फिरत असलेल्या चित्रफिती पुढे पत्रकारांनी आणि पडताळणी करणाऱ्या संस्थांनी एकेक करून उलगडल्या. त्यांतली एक कराचीची होती. मोटारसायकलवर दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि निघून जातात. मूळ फितीत ते परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात. मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जाहिरात होती. शेवटचे काही क्षण कापले की तीच जाहिरात अपहरणाचा पुरावा होते. आणखी एक चित्र ओळीने निजवलेल्या बालकांच्या मृतदेहांचे. 'अवयव काढून घेतले' असे त्याखाली लिहिलेले होते. चित्र सीरियातले होते, २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरचे. सीरियातली लेकरे धुळ्यात येऊन पाच निरपराध माणसांच्या जिवावर उठली, ती कोणीतरी खाली लिहिलेल्या एका ओळीमुळे.

राईनपाड्याबद्दल शहरातले लोक फार लवकर 'अडाणी' म्हणून मोकळे झाले. हा निवाडा सोयीचा आहे, पण पुरता खरा नाही. त्या फिती पाहणाऱ्यांत शिकलेले, नोकरदार, शिक्षकही होते, आणि 'खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घ्या' ही पुस्ती जोडून त्या पुढे पाठवणाऱ्यांतही सुशिक्षित असतात. त्या एका वाक्याने पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते आणि घेणाऱ्याची भीती सुरू होते.

फिरस्त्यांवरच संशय का जातो, हेही पाहायला हवे. आखाडा बाळापूरसारख्या, नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या मोठ्या गावाला वाड्या-तांड्यांवरची मुले शाळेला येतात. एसटीने, काळीपिवळीने, रिक्षाने, चालत. रस्त्यावर आणि बाजारात रोज चार अनोळखी चेहरे असतातच. नंदीबैलवाला, बहुरूपी, भांडी विकणारी बाई, कल्हईवाला. पूर्वी या माणसांची ये-जा वर्षाच्या ठरल्या वेळी असे आणि गावातली म्हातारी माणसे त्यांना नावानिशी ओळखत. आता ती ओळख उरली नाही. पोलीस ठाण्यात आपली नोंद करून, ओळखपत्र गळ्यात अडकवून भिक्षेला निघण्याची पाळी या समाजांवर आली, ती राईनपाड्यानंतर. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावी पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला, तर त्यांना पट्ट्यांनी मारहाण झाली. चार वर्षांत सरकारी आवाहनांचे ढीग पडले होते. जतच्या त्या रस्त्यावर त्यांतले एकही आठवले नाही.

ही भीती निव्वळ हवेतली आहे असे मात्र कोणी म्हणू नये. अंजना गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांनी १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातून तेरा मुले पळवली आणि त्यांतल्या अनेकांना ठार केले. अंजना खटल्याआधीच मेली. कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षे झालेल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. ज्या पिढीने हे छापून आलेले वाचले, ती आज आजी-आजोबा आहे आणि नातवंडांना शाळेत सोडायला बहुतेकदा तीच जाते. तिला 'काही होत नाही' असे सांगून भागत नाही, कारण झालेले तिला माहीत आहे.

राईनपाड्यानंतर दोन गोष्टी लगोलग झाल्या. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावहत्येविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्यापासूनचे आदेश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि अशा निरोपांची रहदारी सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. उपाय चांगलाच होता. शाळेच्या गटाला त्याचा उपयोग थोडा, कारण इयत्ता चौथीच्या पालकांच्या गटात एकदाच टाकलेला निरोप साठ घरांत पोहोचतो आणि त्यासाठी पाचची मर्यादा ओलांडावीच लागत नाही. शिवाय तो ओळखीच्या आईने टाकलेला असतो.

आतापर्यंतचे सगळे वाचून 'लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये' एवढ्यावर हा लेख थांबवता आला असता. पण त्याला बदलापूर आडवे येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे घरच्यांच्या लक्षात आले. पालक तक्रार घेऊन गेले तर त्यांना पोलीस ठाण्यात तासन्तास, जवळजवळ अर्धा दिवस, ताटकळत ठेवले गेले. १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदला गेला. शाळेने पालकांना समोर येऊन काही सांगितले नाही. मधल्या दिवसांत शहरात जे काही कळत होते ते पालकांच्या गटांतून, शेजारणींच्या बोलण्यातून, म्हणजे ज्या वाटेला आपण अफवांची वाट म्हणतो तिथूनच. आणि त्या वाटेने आलेली मूळ गोष्ट खरी निघाली. अधिकृत वाट बंद होती.

२० ऑगस्टला सकाळी लोक शाळेच्या फाटकाशी जमले, तिथून रेल्वे स्थानकात उतरले आणि रुळांवर बसले. सुमारे दहा तास गाड्या थांबल्या. 'लाडकी बहीण' योजनेचे पैसे नकोत, मुलींची सुरक्षा द्या, अशा अर्थाचे फलक दिसत होते. मंत्री गिरीश महाजन समजूत घालायला आले, लोक हटले नाहीत. संध्याकाळी लाठीमार झाला, दगडफेक झाली, नंतर शहरात इंटरनेट बंद ठेवले गेले आणि शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. राज्यभरच्या वाहिन्यांनी बदलापुरात मुक्काम ठोकला तो रेल्वे थांबल्यावर. आधीचे चार दिवस हा विषय स्थानिक बातमीदारांच्या भरवशावर होता. अत्याचार ही बातमी ठरायला लोकल थांबावी लागली, हे पत्रकारितेतल्या कोणी फारसे बोलून दाखवले नाही.

दोनच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांच्या दिरंगाईवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. त्याच दिवसांत पीडित मुलीबद्दल धडधडीत खोटे निरोपही फिरू लागले, आणि ते पसरवल्याच्या आरोपावरून एका तरुणीला अटक झाली. म्हणजे खरे आणि खोटे एकाच गटातून, एकाच दिवशी, एकाच आवाजात येत होते. ज्या पालकाने परवा त्या गटावर विश्वास ठेवला आणि तो बरोबर ठरला, त्याने आज त्याच गटावर अविश्वास का दाखवावा? इथे 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे आवाहन पोकळ वाटू लागते. विश्वास ठेवायला दुसरी जागा दिली पाहिजे आणि ती आधीपासून चालू पाहिजे.

पुढचे तर सर्वांना माहीत आहे. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. बदलापुरात पेढे वाटले गेले, मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांवर ठपका ठेवला. पेढ्यांची दृश्ये जेवढी चालली तेवढा अहवाल चालला नाही.

पडद्यावरच्या एका गोष्टीपाशी थोडे थांबायला हवे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, त्याचे कलम २३ माध्यमांना सांगते की बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शेजार आणि शाळा यांतले काहीही उघड करू नका. शाळा हा शब्द कायद्यात स्वच्छ लिहिलेला आहे. सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. जम्मूतल्या कठुआ इथल्या बालिका-अत्याचार प्रकरणात मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. बदलापूरच्या वेळी मात्र शाळेचा फलक, फाटक, रंगवलेल्या भिंती दिवसभर घराघरांत दिसत होत्या. एवढ्या लहान शहरात शाळा आणि वर्ग कळला की बाकीचे कळायला दुपार पुरते. संतापाच्या भरात हे कोणाच्या लक्षात आले नाही, की आले आणि सोडून दिले गेले, देव जाणे.

थेट प्रक्षेपणाचा धडा महाराष्ट्राने याआधी फार मोठ्या किमतीत घेतलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात कमांडो कुठे उतरत आहेत हे वाहिन्या दाखवत होत्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून आत सूचना देत होते. त्या हल्ल्यातला दहशतवादी कसाब याच्या अपिलाचा निकाल देताना, २९ ऑगस्ट २०१२ ला, सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वागण्यावर कठोर टीका केली. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढेच दाखवायचे. नियम दहशतवादाचा आहे, शाळेचा नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत अभिनयाच्या चाचणीसाठी आलेल्या सतरा मुलांना एका माणसाने डांबून ठेवले, तेव्हा त्याने स्वतःच चित्रफीत काढून आपले म्हणणे बाहेर पाठवले. मुले आत होती आणि ती फीत बाहेर मोबाइलमोबाइलवर चालू होती. काही तासांनी पोलीस आत शिरले, मुले सुटली, तो माणूस गोळी लागून मेला. आता थेट प्रक्षेपणाला वाहिनीही लागत नाही. नियम करणाऱ्यांनी या बाजूने अजून विचार केलेला दिसत नाही.

धमकीच्या मेलचा प्रकार आणखी निराळा. १ मे २०२४ ला दिल्ली आणि आसपासच्या शंभराहून अधिक शाळांना बॉम्ब ठेवल्याचे मेल आले. परीक्षा अर्धवट टाकून मुले मैदानात, पालक रस्त्यांवर, वाहतूक ठप्प. कुठेही काही सापडले नाही. त्याआधी १ डिसेंबर २०२३ ला बंगळुरात साठांवर शाळांचे असेच झाले होते. मुंबईतल्या शाळांनाही असे फोन आणि मेल येऊन गेले आहेत. धमकी देणाऱ्याचा खर्च शून्य आणि परिणाम संपूर्ण शहरभर, कारण त्याचे उरलेले काम बातमी करते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशाच काही मेलसाठी बारावीच्या एका विद्यार्थ्याला पकडले. त्याला परीक्षा नको होती. परीक्षा टाळायला पूर्वी पोटदुखी पुरत असे.

असे मेल आल्यावर शाळा रिकामी करायची की नाही, यात निवडीला जागा नाही. प्रत्येक वेळी करावीच लागते. बातमी कशी द्यायची यात मात्र आहे. 'शाळा उडवून देण्याची धमकी' हा मथळा आठ स्तंभांत आणि 'तपासणीत काही आढळले नाही' ही ओळ तिसऱ्या परिच्छेदात, ही मांडणी धमकी देणाऱ्याच्या मनासारखी आहे. जिल्हा आवृत्तीतला उपसंपादकही उलटा मथळा देऊ शकतो, आधी मुले सुखरूप आणि मग धमकी. हा फरक करायला कोणाची परवानगी लागत नाही, खर्चही येत नाही.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. महिन्याभरात सीसीटीव्ही बसवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करून घ्या, तक्रारपेटी लावा, २०२२ पासून कागदावर असलेली सखी सावित्री समिती खरोखर चालवा, अनुचित प्रकार घडल्यास चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. १३ मे २०२५ ला आणखी सविस्तर निर्णय आला. यांतल्या सीसीटीव्हीची चर्चा सर्वांत जास्त झाली, कारण तो दिसतो आणि त्याची बातमी होते. ज्या जिल्हा परिषद शाळेचे वीजबिल थकून मीटर बंद पडण्याची वेळ येते, तिथे कॅमेरा किती दिवस डोळा उघडा ठेवील, हे बाळापूर-कळमनुरीकडच्या कोणाही शिक्षकाला विचारावे.

त्या चोवीस तासांचेही तसेच. शिक्षणाधिकाऱ्यांना चोवीस तासांत कळवायचे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना तर लगेच कळवायचे, नाहीतर संस्थाप्रमुखाला वर्षभराची कैद होऊ शकते. पण पालकांना पहिला निरोप कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत द्यायचा, हे शाळेत ठरलेलेच नसते. मुख्याध्यापक संस्थाचालकांना विचारतात, संस्थाचालक वकिलाला विचारतात, आणि तेवढ्यात गटावर चाळीस निरोप पडलेले असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ च्या अँथ्रॅक्स प्रकरणानंतर संकटकाळी लोकांशी कसे बोलावे याची पुस्तिका केली, तिच्या मुळाशी साधी गोष्ट आहे. पहिले बोला, खरे बोला, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेच सांगा.

बाळापूरच्या एखाद्या शाळेने हे करायचे ठरवले तर ते असे दिसेल. 'सकाळी ११.१० ला मधल्या सुट्टीत फाटकाजवळ एक अनोळखी माणूस मुलांशी बोलताना दिसला. सर्व वर्गांची हजेरी घेतली, सर्व मुले वर्गात आहेत. ११.२० ला पोलीस ठाण्यात कळवले. तो माणूस कोण होता हे अजून कळलेले नाही. त्याचे फोटो काढून पाठवू नयेत. शाळा नेहमीच्या वेळी सुटेल. पुढचा निरोप १२.०० ला.' खाली मुख्याध्यापकाचे नाव आणि फोन. यात एकही जड शब्द नाही, 'खळबळ' नाही, 'घाबरू नका' नाही. हजेरी घेतल्याचे मात्र आहे, आणि पालकाला त्या क्षणी तेच हवे असते.

१२ वाजता नवीन काही कळलेले नसले तरी निरोप जायलाच हवा, 'नवीन काही कळलेले नाही, पुढचा निरोप १ ला' एवढा तरी. बहुतेक शाळा इथे चुकतात. पहिला निरोप जातो, दुसऱ्याला सांगण्यासारखे काही नाही म्हणून तो जात नाही, आणि त्या गप्प तासात कराचीची फीत पुन्हा वर येते.

हे काम एकट्या मुख्याध्यापकाचे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. एरवी ही समिती पोषण आहाराच्या सह्यांपुरती उरते. तिच्यातल्या दोन-तीन आयांनी प्रत्येक तांड्यावर, वाडीवर एकेक घर धरून ठेवले आणि शाळेचा निरोप तिथे स्वतः फोन करून सांगितला, तर ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या आजी-आजोबांपर्यंतही तो पोहोचतो. गटावरचा निरोप त्यांना शेजारचा पोरगा वाचून दाखवतो, आणि वाचता वाचता त्यात आपली भर घालतो. त्या यादीला एक वही पुरते. तिच्यात तांड्याचे नाव, घर, फोन आणि त्या घरची किती मुले कोणत्या वर्गात आहेत एवढे लिहायचे, आणि जूनमध्ये नवे प्रवेश झाले की ती पुन्हा लिहून काढायची.